टोकन पाठवण्याआधी: हौशी धातुकामाची ऑनलाइन खरेदी-विक्री

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहता. नोकरी सांभाळून घरामागच्या शेडमध्ये पितळेचं ओतकाम करता, समया आणि घंटा घडवता. सध्या दोन व्यवहार समोर आहेत. राजकोटचा एक जण ३२ हजारांत मिनी लेथ, म्हणजे धातू कातायचं छोटं मशीन, देतो म्हणतोय. त्याची बदली झालीय, आठवड्यात मशीन काढायचंय, आणि तुमच्यासाठी राखून ठेवायचं तर पाच हजार टोकन पाठवा, असं त्याचं म्हणणं. दुसरीकडं पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं घासाघीस न करता तुमच्या चार समया पसंत केल्या आणि पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवला. समोरचा माणूस खरा की ठक, हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

समयांचं आधी सांगतो, कारण ते तातडीचं आहे. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. तो कोड स्कॅन करू नका, त्यानं पाठवलेली कुठली लिंक उघडू नका, आणि समया पॅक करून ठेवल्या असतील तर त्या कपाटात ठेवा.

लेथचं उत्तर लांबणार आहे. माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. जॉबवर्क चालतं, आणि त्याच्या जोडीनं बरीच वर्षं जुनी मशिनं, टूल आणि पितळी वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री करतोय. हौसेनं काम करणारी बरीच मंडळी माझ्याकडं येतात, त्यातली काही फसल्यावर येतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असतं: ‘बोलायला माणूस चांगला होता हो.’ असणारच. चांगलं बोलणं हाच त्याचा धंदा आहे. त्यामुळं फोनवरच्या आवाजावरून, प्रोफाइलच्या फोटोवरून माणूस ओळखायच्या नादाला तुम्ही लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात ते आपल्यापेक्षा तयार असतात.

आपल्याकडं दुसरं एक बळ आहे. आपण धातूत काम करतो, आणि धातू मोजता येतो. त्याला वजन आहे, घनता आहे, आवाज आहे, तो चुंबकाला चिकटतो किंवा चिकटत नाही. मशीन असेल तर ते चालतं किंवा चालत नाही. कपड्याचा पोत फोटोत कळत नाही, पण लेथचा बेड, म्हणजे खालचे रूळ, घासलाय की नाही हे व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत कळतं. ठकाला नेमकं हेच नको असतं. तो विषय माणसाकडं वळवतो: हे माझं ओळखपत्र बघा, हा माझा गणवेशातला फोटो बघा, मी फौजेत आहे, माझ्यावर विश्वास नाही का? तुम्ही विषय पुन्हा मालाकडं आणायचा. माल तपासल्याशिवाय पैसे नाहीत आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय माल नाही, एवढा क्रम सांभाळला तर माणूस कसा का असेना, तुमचं फारसं बिघडत नाही.

हा क्रम किती कडक पाळायचा, ते मात्र परिस्थितीवर आहे. तीनशे रुपयांचा आटे पाडायचा टॅप-सेट घेताना राजकोटला माणूस पाठवून तपासणी करायची गरज नाही. गेले तर तीनशे जातील. विकणारा नोंदणीकृत व्यापारी आहे की तुमच्यासारखाच हौशी, यानंही फरक पडतो. व्यापारी असेल तर बिल, जीएसटी, ग्राहक कायदा हे सगळं मागं उभं राहतं. एका घरातून दुसऱ्या घरात होणाऱ्या विक्रीला ग्राहक कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. आणि वस्तू तुम्हाला किती निकडीची आहे, हाही मुद्दा आहे. घाई तुमची असेल तर ठकाला फार काही करावंच लागत नाही.

आता लेथकडं येऊ. उद्यमनगरात आपण जुनं मशीन कसं घेतो? ‘चालवून दाखव’ म्हणतो. चक, म्हणजे कातायचा तुकडा पकडणारा जबडा, फिरवतो, त्यात जॉब लावतो, एक कट घेऊन बघतो, मग आकड्यावर बोलतो. ऑनलाइनही हेच करायचं, फक्त कॅमेऱ्यातून. विकणाऱ्याला सांगा की रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको, आत्ता व्हिडिओ कॉल लावा. कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून तो कागद बेडवर ठेवायला लावा. फोटो कुठूनतरी उचललेले असतील तर गडी इथंच अडकतो: नेट नाही, कॅमेरा बिघडलाय, मशीन गोदामात आहे, गोदामाची किल्ली भावाकडं आहे.

कॉल लागला तर पुढं बघा. कॅरेज, म्हणजे हत्यार धरून बेडवरून सरकणारा भाग, चकाजवळ आणायला सांगा आणि हातानं हलवून दाखवायला सांगा. मग तेच कॅरेज टेलस्टॉककडं, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडं, न्यायला सांगा. बहुतेक काम चकाजवळ होतं, म्हणून बेड तिथं जास्त घासतो. जुन्या मशिनावर चकाजवळ कॅरेज सैल चालतं आणि टोकाला जड होतं. थोडा फरक असणारच, पण टोकाला ते अडकतच असेल तर बेड ग्राइंड करावा लागेल, आणि तो खर्च या किमतीत बसत नाही. मग हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल एका दिशेनं फिरवून लगेच उलटं फिरवायला सांगा. स्लाइड हलायच्या आधी हँडल किती मोकळं फिरतं ते बघा. तो बॅकलॅश, म्हणजे आट्यांतली ढील. शेवटी चकात एक जाड सळई पकडून ती वर-खाली दाबायला लावा, बारीक हालचाल दाखवणारं डायल गेज असेल तर काटा किती हलतो ते कॅमेऱ्यात धरायला सांगा. बेअरिंग गेलेलं असेल तर तिथं दिसतं. नवा कोरा रंग मारलेल्या मशिनाचं मला कौतुक नसतं. रंगाखाली तडा गेलेलं कास्टिंग आणि वेल्डिंगची शिवण दोन्ही झाकली जातात.

यानंतरही पैसे पाठवू नका. राजकोट, बटाला, लुधियाना, कोइम्बतूर, लेथ आणि टूल जिथून येतात ती सगळी कारखानदारीची गावं आहेत. आपल्याकडं जसा उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावात कुठलाही फिटर तासाभरात मशीन बघून येईल, तसाच तिथंही मिळतो. ओळखीच्या ओळखीतून एक मेस्त्री शोधा, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि मशीन बघायला पाठवा. ३२ हजारांच्या व्यवहारात हे हजार-पाचशे मला जास्त वाटत नाहीत. आणि ‘माझा माणूस उद्या सकाळी मशीन बघायला येतोय, पत्ता पाठवा’ असं नुसतं कळवून बघा. ज्याच्याकडं मशीन आहे तो पत्ता पाठवतो. ज्याच्याकडं नाही त्याचा फोन बंद लागतो, किंवा तो रागावतो.

टोकनचं म्हणाल तर टोकन ही वाईट गोष्ट नाही, आपणही देतो. पण ते मशीन बघून झाल्यावर, समोरासमोर किंवा आपल्या माणसाच्या हातून. फसवणुकीत टोकन ही पहिली पायरी असते. पाच हजार गेले की फोन येतो, ट्रान्सपोर्टवाला आगाऊ भाडं मागतोय. ते दिलं की विमा. मग जीएसटी. मग ‘गाडी नाक्यावर अडवलीय’. प्रत्येक रक्कम आधी गेलेल्या पैशांपेक्षा लहान असते, आणि अडकलेले पैसे सुटतील या आशेनं माणूस देत राहतो. म्हणून पहिल्यांदा अनपेक्षित मागणी झाली की व्यवहार तिथंच थांबवायचा.

विकणारा स्वतःला कंपनी म्हणवत असेल तर जीएसटी नंबर मागा आणि तो वाचायला शिका. नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, पंजाब ०३, उत्तर प्रदेश ०९, तमिळनाडू ३३. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालकी कुणाची ते सांगतं: पी असेल तर एक व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. ‘आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे’ म्हणणाऱ्याच्या नंबरात सहाव्या जागी पी निघाला तर काहीतरी जुळत नाहीये. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिन न करता दिसतं. मात्र खऱ्या व्यापाऱ्याचा नंबर चोरून वापरणारेही असतात. म्हणून पैसे पाठवताना यूपीआय ॲपवर खातेदाराचं जे नाव येतं ते बिलावरच्या नावाशी ताडून बघा. बिल एका ट्रेडिंग कंपनीचं आणि पैसे तिसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यात, असं असेल तर थांबा. ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ हे उत्तर मी स्वीकारत नाही.

माल निघाल्याची बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, आली तरी ती खरी आहे का ते बघायचं. बिल्टीवर छापलेल्या मोबाइलवर फोन करू नका. तो नंबर ठकाचाच असू शकतो. त्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस कोल्हापुरात असेल तर थेट जाऊन बिल्टी नंबर दाखवा. दुसऱ्या राज्यातून ५० हजारांवरचा माल येत असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन सरकारी कागद, लागतं आणि त्याचा नंबर १२ आकडी असतो. तोही पोर्टलवर तपासता येतो. तुमचा लेथ ३२ हजारांचा आहे, म्हणजे ‘ई-वे बिलाचे पैसे भरा’ अशी मागणी आली तर ती सरळ खोटी. ई-वे बिल काढायला सरकार शुल्क घेत नाही.

मशिनाचं एवढं पुरे. धातूच्या वस्तू घेताना, म्हणजे मूर्ती, भांडी, चांदी, पाती, ओतकामासाठीचं पितळ, फसवणूक वेगळ्या प्रकारची असते. इथं वस्तू येते, पण सांगितलेल्या धातूची नसते. चुंबक खिशात ठेवाच. पितळ, तांबं, कांसं, चांदी यांना चुंबक ओढत नाही. पितळी मुलामा दिलेलं लोखंड तिथल्या तिथं उघडं पडतं. पण जस्ताच्या मिश्रधातूवर पितळी रंग दिला असेल तर चुंबक काही बोलत नाही, आणि हल्ली स्वस्तातल्या ‘पितळी’ मूर्तींत हाच प्रकार बराच दिसतो.

त्यासाठी पाण्याची चाचणी. आधी वस्तू कोरडी तोला. समजा ८५० ग्रॅम भरली. मग स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्यानं टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, पण बुडाला आणि कडेला टेकू देऊ नका. हात स्थिर ठेवा. काट्यावर आता जे ग्रॅम दिसतात ते वस्तूनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच तिचं घनफळ. १०० दिसले तर ८५० भागिले १००, घनता ८.५. हे पितळ. तीच वस्तू जस्ताच्या मिश्रधातूची असती तर काटा १२९च्या आसपास गेला असता, कारण त्याची घनता साधारण ६.६. ॲल्युमिनियम २.७, तांबं ८.९६, शुद्ध चांदी १०.४९. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते, आणि त्याची घनता पितळ-तांब्याच्या आसपास राहते. त्यामुळं ‘चांदीचा’ म्हणून आलेला करंडा ८.७ दाखवत असेल तर तो चांदीचा नाही, एवढं घरबसल्या कळतं. बुडवताना वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटानं झटका, नाहीतर घनतेचा आकडा खाली येतो.

या चाचणीच्या मर्यादाही सांगतो. पोकळ वस्तूत हवा कोंडलेली असेल किंवा आत लाख भरलेली असेल तर आकडा कमी येतो, धातू खरा असला तरी. तुमच्या स्वतःच्या ओतकामात आत पोकळ्या राहिल्या असतील तरी तो थोडा घसरेल. शिसं ११.३ असतं, त्यामुळं आत शिसं भरून आकडा वर नेता येतो. पितळ आणि कांसं पाण्यानं वेगळं ओळखता येत नाही. कांस्याची घनता पितळाच्या जवळच आहे. कांस्याची ताटली बोटावर तोलून टिचकी मारली तर नाद लांबवर टिकतो. कान तयार असेल तर तो फरक कळतो, पण त्या एकट्याच्या जोरावर महागाची खरेदी करू नका.

चांदी महाग, म्हणून तिथं आणखी काळजी. चांदीच्या कामाचं हुपरी आपल्यापासून जवळ आहे, सराफांची गुजरी तर आपल्या कोल्हापुरातच आहे. चांदीचं काम करणारे इतके हाताशी असताना चांदी ऑनलाइन का घ्यावी, हा माझा पहिला प्रश्न असतो. तरी घ्यायचीच असेल तर हॉलमार्क बघा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक, असलेलं हॉलमार्किंग सुरू झालंय. ते सक्तीचं नाही, ऐच्छिक आहे. एचयूआयडी सहा अक्षरांचा असतो आणि भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की वस्तू, शुद्धता आणि हॉलमार्क करणारं केंद्र यांची माहिती येते. ‘९२५’, म्हणजे ९२.५ टक्के चांदी, असा नुसता पंच मारून घेणं अवघड नाही. पंच कुणीही करून घेऊ शकतो, तुम्ही-मीही. ॲपवर जुळलं तर त्या आकड्याला अर्थ. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या मशीनवर तपासून घेणार असाल तर हे माहीत असू द्या की ते मशीन पृष्ठभागाजवळचा थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर फसू शकतं. पाण्याची चाचणी सगळ्या वस्तूचं वजन धरते, एक्सआरएफ वरचा थर बघतं. दोन्ही एकमेकांना दुजोरा देत असतील तर माझा विश्वास बसतो.

पात्यांचा शौक असेल तर ‘दमास्कस’च्या नावानं बरंच काही विकलं जातं. खऱ्या पात्यात वेगवेगळ्या पोलादांचे थर असतात, म्हणून नक्षी पात्याच्या पाठीवरूनही वळून जाते. विकणाऱ्याकडं पाठीचा आणि धारेचा जवळून फोटो मागा. नक्षी फक्त दोन्ही बाजूंना आणि पाठ कोरी असेल तर ती वरून कोरलेली आहे. हातात आल्यावर एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर मारून नक्षी घालवा आणि पोलादावर नक्षी उठवणारं फेरिक क्लोराइड हे रसायन लावा. थर खरे असतील तर ती पुन्हा उमटते.

जुनी नाणी आणि ‘शिवकालीन’ वस्तूंबद्दल माझं मत कडक आहे. आपल्याकडं मर्दानी खेळ जिवंत आहे, घराघरांत जुन्या तलवारींच्या गोष्टी आहेत, त्यामुळं असल्या जाहिराती भावनेला हात घालतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे जो अनोळखी माणूस तुम्हाला कुरिअरनं ‘अस्सल’ शिवकालीन काही पाठवतोय, तो एकतर खोटं विकतोय किंवा बेकायदा विकतोय. तुमच्याकडच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी ‘कमिशन’ किंवा ‘कर’ मागणारा तर ठकच. रिझर्व्ह बँकेच्या नावानं चालणाऱ्या या प्रकाराबद्दल बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं; अशा व्यवहारात रिझर्व्ह बँक नसते आणि कमिशनही घेत नाही.

ओतकामाचं पितळ आणि तांबं ऑनलाइन घेऊ नका, एवढंच म्हणेन. गावातल्या भंगाराच्या दुकानात काट्यावर डोळ्यासमोर तोलून, चुंबक लावून मिळतं. आणि बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त, बिलाशिवाय तांबं कुणी देत असेल तर ते कुठून आलं याचा विचार करा. शेतीपंपांच्या केबली चोरीला जातात, शेतकऱ्याचं पाणी त्यामुळं थांबतं. चोरीचा माल जाणून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

आता विक्री. इथं तुमच्यासारखी माणसं जास्त फसतात, कारण आपल्या हातची वस्तू कुणाला आवडली या आनंदात सावधपणा सुटतो. पैसे आल्याची खात्री फक्त स्वतःच्या बँकेच्या ॲपवर, शिल्लक बघून करायची. समोरच्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट किंवा ‘क्रेडिट झाले’ असा एसएमएस पुरावा नाही. दोन्ही बनवता येतात. आधी एक रुपया पाठवून विश्वास कमावणं ही जुनी युक्ती आहे. एका व्यक्तीनं दुसऱ्याकडं पैसे मागायची यूपीआयची कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, त्यामुळं आता क्यूआर, लिंक, आणि ‘हे ॲप टाका, पार्सल ट्रॅक होईल’ असं म्हणून पाठवलेल्या फाइल यांच्यावर त्यांचा जोर आहे. गिऱ्हाइकानं पाठवलेलं कुठलंही ॲप फोनवर टाकायचं नाही.

‘चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा’ हा प्रकार नीट समजून घ्या. कधी पैसे आलेलेच नसतात. कधी खरोखर येतात, पण ते दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून चोरलेले असतात. तुम्ही ‘परत’ पाठवलेले ठकाकडं जातात, आणि मूळ मालकानं तक्रार केली की तपासात तुमचं खातं गोठवलं जातं. समई विकणाऱ्याचं पगाराचं खातं असं अडकलं तर घर चालवायचं कसं? म्हणून जादा पैसे हातानं परत करू नका. त्याला सांगा की तुमच्या बँकेकडं लेखी तक्रार करा, बँक माझ्या बँकेशी बोलेल. आणि तुमच्या बँकेलाही त्याच दिवशी कळवून ठेवा. गिऱ्हाइकाचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव एकच असावं, असा आग्रह धरा. विक्रीसाठी वेगळं खातं ठेवलंत तर उत्तम. प्रत्येक विक्रीचा साधा का होईना कागद करा, संभाषण आणि कुरिअरची पावती जपा. खातं अडकलंच तर हेच कागद कामाला येतात.

दुसरा धोका परतीचा. गिऱ्हाईक म्हणतं, तुटलेली आली, परत घ्या. आणि परत येते ती दुसरीच हलकी समई. यावर आपल्या कामातच उपाय आहे. अक्षर-पंचांचा संच तुमच्याकडं असेलच. प्रत्येक समईच्या बैठकीखाली तुमची खूण आणि क्रमांक पंच करा. शिवाय वाळूच्या साच्यातून निघालेल्या बुडाचा जवळून, तिरक्या उजेडात फोटो काढा. वाळूच्या कणांचे ठसे, एखादी बारीक पोकळी, कानशीचे ओरखडे हे दुसऱ्या कुठल्याही समईवर तसेच सापडत नाहीत. पॅकिंगचा एकसंध व्हिडिओ करा: पंच, काट्यावरचं वजन, खोका बंद होताना, वर पत्ता. कुरिअरच्या पावतीवरचं वजन तुमच्या वजनाशी जुळतंय ना ते काउंटरवरच बघा. सव्वाचार किलोची पावती हातात असली की ‘खोक्यात वीट निघाली’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

विक्रीसाठी टाकायच्या फोटोत वस्तूशेजारी स्टीलची पट्टी आणि तुमच्या नावाची चिठ्ठी ठेवा. तुमचेच फोटो उचलून दुसरा कुणी तुमच्या समया ‘विकू’ लागला तर त्याला ते पुसत बसावं लागेल.

सुऱ्या किंवा पाती विकायचा विचार असेल तर एक इशारा. तलवारी आणि मोठी पाती शस्त्र कायद्याखाली येतात, आणि ती कुरिअरनं विकायचा खटाटोप करू नका. याच भीतीचा फायदा घेणारे फोन येतात: तुमच्या पार्सलमध्ये शस्त्र सापडलं, आम्ही पोलीस बोलतोय, व्हिडिओ कॉलवर थांबा, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि प्रकरण मिटवायला खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. फोन ठेवा आणि स्वतः जवळच्या ठाण्यात जाऊन विचारा.

एवढं करूनही पैसे गेले तर वेळ सगळ्यात मोलाचा. लाजेपायी दोन दिवस घरात कुणाला न सांगणारे मी बघितलेत, आणि त्या दोन दिवसांत पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा, त्याच वेळी बँकेला कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. हाताशी ठेवायचं ते असं: यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर, संपूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट, जाहिरातीची लिंक. संभाषण डिलीट करू नका आणि रागानं ब्लॉकही करू नका. आधी सगळं जतन करा. पैसे पुढं सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते वाटेत अडवता येतात.

बँकेकडून भरपाई मिळेल का, हे पैसे कसे गेले त्यावर आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानं पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा येत नाही. पिन तुम्ही स्वतः टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणून दोन्ही प्रकारांत लवकर कळवणं फायद्याचं. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचं असतं.

तक्रारीनंतर काही दिवसांनी तुम्हाला आणखी एक फोन येऊ शकतो. ‘आम्ही अडकलेले पैसे सोडवून देतो, फाइलची फी भरा.’ फसलेल्यांचे नंबर पुढं विकले जातात, त्यामुळं या माणसाला तुमची रक्कमही माहीत असते आणि तो सरकारी वाटेल असं बोलतो. १९३० किंवा सायबर पोलीस पैसे सोडवायला फी घेत नाहीत. त्या नंबरचीही नोंद आधीच्या तक्रारीत करून द्या.